हुकुमाचा शब्द

"मासं धरतोय, साहेब," म्हाळाप्पा वनरक्षकाला म्हणाला. बंदूक तळ्याकाठच्या पाणकणसात दडवलेली होती आणि मघाशी पाडलेलं बदक त्याच्या पलीकडं तरंगत होतं. म्हाळाप्पाची कुत्री मैना कान टवकारून तिकडंच बघत होती, पण हुकमाशिवाय ती जागची हलायची नाही.

पिल्लू असताना दोघा भावांनी तिला कापसाचा बोळा आणायला शिकवलं होतं, पाखराला दात लागू नयेत म्हणून. "आण" म्हटलं तर कोणीही तिला राबवून घेईल, म्हणून हुकूमही कापसाचाच ठेवला. म्हाळाप्पा आणि धाकटा सिद्राम सोडले तर तो कोणालाच ठाऊक नव्हता.

वनरक्षक मैनेजवळ उकिडवा बसला. "कापूस," तो हळूच म्हणाला.

मैनेनं पाण्यात झेप घेतली, बदक अलगद तोंडात धरून आणलं आणि शेपटी हलवत म्हाळाप्पाच्याच हातात दिलं.

त्यानं तिच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझी काय चूक गं?"

मग मान वर करून त्यानं विचारलं, "साहेब, आमचा सिद्राम तुमच्याकडं कधी येऊन गेला?"