पाहुणी

पाहणीला आलेल्या सरकारी समाजसेविका नीलिमा मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सरळच सांगून टाकलं, "प्रभावतीबाई, मानसी इथं रुळलेली नाही. मंगळवारी बालकल्याण मंडळासमोर मला तेच सांगावं लागेल. मग ते तिला परत बालगृहात नेतील."

काशीगावच्या चाळीतल्या त्या एका खोलीत प्रभावतीनं काय कमी केलं होतं? पावसाळ्यात सरकारच्या योजनेतून ही सात वर्षांची अनाथ पोर तिच्याकडे सांभाळायला आली, त्या दिवसापासून घरातली एकुलती एक गादी पोरीची. दुधावरची साय पोरीची. तिनं झाडू हातात घेतला की प्रभावती तो काढून घ्यायची. घरात आवाज चढवायचा नाही, अशी नवऱ्यालासुद्धा ताकीद होती. सरकारनं विश्वासानं दिलेलं लेकरू, म्हणून तिनं ते तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

"म्या तिला एक वाकडा शब्द बोलले न्हाई, म्याडम. इचारा तिला."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "आणि तीही कधी बोलली नाही. अजून ताट घेऊन दाराशी उभी राहते. वाढाल तेवढं खाते. पाणी प्यायचं तरी विचारते. तुम्ही तिला पाहुणीसारखं ठेवलंय आणि ती पाहुणीसारखी राहतेय. असं तर ती बालगृहातही राहत होती."

प्रभावती वाढायला उठली. दारी आलेल्या माणसाला उपाशी धाडायची पद्धत तिच्या जालन्याकडे नव्हती. ज्वारीची भाकरी, कारल्याची भाजी, कांदा. मानसी ताट घेऊन दाराशी उभी राहिलीच होती. प्रभावतीनं तिच्या ताटात भाजी वाढली.

पोरीनं भाजीकडे पाहिलं. मग मान हलवली.

"कारलं नको."

मघापासून दाबून ठेवलेली सगळी भीती प्रभावतीच्या जिभेवर आली. "नको? सकाळधरनं राकेलच्या लायनीत उभी ऱ्हायले, तवा कुठं ष्टो पेटला! गपगुमान खा!"

"नाय खाणार!" मानसीनं ताट आदळलं. भाजी जमिनीवर सांडली. "सारखं सारखं कारलं! तूच खा!" आणि तरातरा जाऊन ती गादीवर भिंतीकडे तोंड करून बसली.

प्रभावतीनं तोंडावर हात ठेवला. मॅडमच्या देखत ओरडलो आपण पोरीवर. संपलं सगळं. ती खाली बसून सांडलेली भाजी गोळा करू लागली.

"मला वाढा ना कारलं," मॅडम म्हणाल्या. "मला आवडतं." हसू दाबता दाबता त्यांचे ओठ वाकडे झाले होते.

"मग मी काय खाऊ?" भिंतीकडून फुरंगटलेला आवाज आला.

प्रभावतीनं एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा त्या ताठ पाठीकडे. आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. "गूळ खा! डबा कुठं हाय ते ठावं हाय न्हवं? ऊठ, घे आपल्या हातानं!"

मानसी उठली. टाचा उंचावून तिनं फळीवरचा डबा काढला आणि कुणाला न विचारता चांगला लिंबाएवढा खडा उचलला.

"मग," मॅडमनी घास मोडत विचारलं, "मंगळवारी मंडळाला काय सांगू?"

प्रभावतीनं पदरानं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांगा, लई हट्टी हाय पोरगी. दुसऱ्या कुणाच्यानं सांभाळायची न्हाई!"