पाचव्या खेपेची पूड

प्रभावतीने गच्चीवरचा फ्लास्क उचलला, बूच काढून तोंडावरचा वारा हाताने नाकाकडे घेतला. वास आला नाही. चार खेपा याच उन्हात, याच पुडीने कडू बदामाचा झणझणीत वास दिला होता. बेंझिल अल्कोहोलचं बेंझाल्डिहाइड झालं, की तो वास येतोच.

परतूरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि पीएचडी करायची. लोडशेडिंगमुळे प्रयोगशाळेतला दिवा दिवसभर बंद, म्हणून तिने ऊनच कामाला लावलं होतं. उजेड पडला की पांढरी पूड अल्कोहोलचं बेंझाल्डिहाइड करायची, स्वतः मात्र संपायची नाही. गाळायची, वाळवायची, पुन्हा वापरायची. "दहा वेळा चालली तर प्रबंध," औरंगाबादचे मार्गदर्शक म्हणाले होते, "नाहीतर त्यात नवीन काय?"

आता ती पूड गाळणकागदावर पिवळट, चिकट होऊन पडली होती.

"मुनीरभाई, फेकून द्या. मेली ती."

मुनीरभाई प्रयोगशाळेतले परिचर. काचेची भांडी धुण्यात बावीस वर्षं गेलेली; कॉलेजात त्यांचं पूर्ण नाव विचारलं जायचं ते काही फुटलं की, दंडाच्या वहीत लिहायला. त्यांनी कागद उन्हाकडे धरला.

"मेली न्हाई म्याडम, मळली. बेंझोइक ॲसिडच्या प्रॅक्टिकलनंतर नळ्यांना बराबर असाच थर बसतो. नुसत्या पाण्यानं बिलकुल जात न्हाई. सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवलं की जल्दी सुटतो. इतकी वर्षं तेच तर करून राह्यलो."

प्रभावतीने कागद त्यांच्या हातातून परत घेतला. बेंझोइक ॲसिड. फ्लास्क उन्हात जास्त वेळ राहिला की थोडं बेंझाल्डिहाइड पुढे जाऊन ॲसिड होणार, ते पुडीच्या कणांना चिकटणार, मग उजेड पोचणार कुठून? आणि ॲसिड सोड्यात विरघळतं हे ती दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून देत होती.

दोघांनी पूड सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतली, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने. वीज नव्हती, म्हणून चिनी मातीच्या बशीत घालून बर्नरवर तापवली. पहिल्यासारखी शुभ्र झाली नाही. पण पांढरी झाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फ्लास्क पुन्हा गच्चीवर गेला. मुनीरभाई डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसले आणि दर दहा मिनिटांनी फ्लास्क हलवत राहिले. प्रभावती दोन तासिका घेऊन वर आली, तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशीच उभे होते.

"आला म्याडम! बदाम!"

नमुना औरंगाबादला गेला. आठ दिवसांनी आकडा आला. पहिल्या खेपेला शंभर भाग अल्कोहोलातल्या ऐंशींचं बेंझाल्डिहाइड झालं होतं, या सहाव्या खेपेला अठ्ठ्याहत्तरांचं. मग सातवी खेप झाली, आठवी झाली. दर खेपेनंतर सोड्याची धुलाई. दहाव्या खेपेलाही वास जिन्यापर्यंत आला.

पावसाळ्याच्या तोंडावर ती शोधनिबंध लिहायला बसली. वरती तिचं नाव होतं, मार्गदर्शकांचं होतं. तिने त्या नावांपुढे स्वल्पविराम दिला आणि मोरीकडे वळून हाक मारली.

"मुनीरभाई, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं. वडिलांच्या नावासकट."

नळाचं पाणी बंद झालं. ओले हात शर्टाला पुसत मुनीरभाई दारात आले. चेहरा उतरला होता.

"काय फुटलं म्याडम, माझ्या हातून?"