दातातली खाच

"मुंबईत कंपन्यांच्या किमती ठरवायचं काम सोडून हितं कशाला येताय?" चादरींच्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकांनी मुलाखतीत विचारलं. "व्हॅल्युएशन लांबून होतं साहेब, मला एखादी कंपनी आतून सांभाळायचीय," मी पाठ केलेलं उत्तर दिलं. टेबलावरच्या नव्या चादरीच्या कडेच्या दशांमधला एक दोरा सुटला होता. बोलताबोलता मी त्याला गाठ मारली आणि उरलेलं टोक चक्क दातांनी तोडलं. भानावर येताच लाजेनं मान खाली घातली. इथल्याच भवानी पेठेत आई दिवसभर अशाच दशा बांधायची, दोरे दातांनीच तोडायची. तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडली होती तिच्या. मी तसं केलं की ओरडायची, "तुला हापिसात बसायचंय, दात नीट ठेव!" आज ओरडायला ती नाही. "वर बघ की, पोरी," मालक हसत म्हणाले. त्यांच्याही पुढच्या दाताला तशीच खाच होती.