जटेचं मागणं

"आजोबा, एकदा मागितलेलं बदलता येतं का हो?"

वेनिंगने एका दमात विचारून टाकलं. मागे कोबीच्या ढिगाआड पुर्वांती आणि एस्ती एकमेकींच्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. विचारलं नाहीस तर भित्री, अशी पैज लागली होती, आणि वेनिंग आता कुणाला भीत नव्हती. परवाच तिने अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलं होतं. पुढच्या महिन्यात ती खाली शहरातल्या मोठ्या शाळेत जाणार होती. फक्त ही मानेवर लोंबणारी जट घेऊन जायची नव्हती.

कार्तो आजोबा बटाट्याच्या पोत्यावर बसून लवंगेची विडी वळत होते. वनासेला गावात जट घेऊन वाढलेल्या प्रत्येक पोराची जट त्यांच्याच कात्रीने उतरली होती. वेनिंगची तेवढी राहिली होती.

"काय हवंय आता?"

"स्कूटर!" ढिगाआडून एस्ती ओरडली. "लाल!"

"कोबीला नाही विचारलं मी," आजोबा म्हणाले.

वेनिंगला हसू आवरेना. जटेचं पोर मागेल ते आईबापांनी द्यायचं, मगच कात्री लावायची. न देता कापली, तर जट पुन्हा येते आणि येताना ताप घेऊन येते. कुणी शेळी मागितली होती, कुणी बदकाची दोन अंडी. पुर्वांतीच्या भावाने तर शेजाऱ्यांचा कोंबडा मागून सगळ्यांना भांडायला लावलं होतं. सहा वर्षांच्या वेनिंगने मागितला होता पांजीदादा.

पांजी वरच्या शेतात राखणीच्या खोपीत झोपला असताना दरड कोसळली होती. शेजारच्या शेतातली दोन माणसं दुसऱ्या दिवशी सापडली. बाबा पावसाळाभर चिखल उपसत राहिले. पांजी सापडला नाही.

"बदलता येतं," आजोबा म्हणाले. "पोराचं मन फिरलं की जटेचंही फिरतं. पण आईला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

"का बरं?"

आजोबांनी विडी पेटवली. "जट तुझ्या डोक्यावर असली, तरी धरून तुझी आई बसलीय, पोरी."



घरी जाताना वेनिंगने वाटेत चार वेळा म्हणून बघितलं, "मला स्कूटर हवी." चारही वेळा छान जमलं. दोन्ही बाजूंना बटाट्याच्या सऱ्या थेट उतारावरून खाली गेल्या होत्या. एवढ्या डोंगरात रिकामं दिसत होतं ते त्यांचंच वरचं शेत. तिथे गुडघाभर गवत होतं.

धुकं चढायला लागलं होतं. आई कुंपणावरचा सारोंग काढत होती. जाड, तपकिरी चौकड्यांचा. दुपार कलली की या गावात लहानथोर सगळे खांद्यावरून सारोंग गुंडाळून फिरतात. हा मात्र कुणाच्याच अंगावर चढत नसे. ऊन पडलं की बाहेर, धुकं आलं की आत. ज्या वर्षी हिमाने सगळं पीक जळालं, त्या वर्षी बाबा तापाने फणफणले होते. तेव्हासुद्धा आईने त्यांच्यावर पोती घातली होती, सारोंग नाही.

"हात मातीचे आहेत का गं? लावू नकोस त्याला."

"धुतलेत."

"दमट वास गेला बघ." आईने तो नाकाशी धरला. "दादा आला की म्हणायला नको, आईने नीट ठेवला नाही म्हणून." मग तिने वेनिंगच्या मानेवरची जट उचलून ओलीबिली नाही ना ते चाचपलं. "शहरात पोरी हसतील. हसू देत. तुझं मागणं बाकी आहे, तोवर वरच्याला ते द्यावंच लागेल. टाळता नाही येणार त्याला."

दरडीत गेलेल्या त्या दोन शेजाऱ्यांच्या हजाराव्या दिवसाची दुआ झाली, तेव्हा कुणीतरी पांजीचंही नाव घेतलं होतं. आई भरल्या पंगतीतून उठून आली होती. त्यानंतर गावात कुणी ते नाव घेतलं नाही.

आत बाबा चुलीला चिकटून बसले होते. मध्येच हात शेकत ते उकडलेल्या बटाट्याची सालं काढत होते. खांद्यावरचा सारोंग तीन ठिकाणी ठिगळाचा, आणि ठिगळंही विरलेली. वेनिंगला बघून त्यांनी सगळ्यात मोठा बटाटा तिच्यापुढे सरकवला.

"काय म्हणाला म्हातारा? दिसलीस मला तिकडे."

आई सारोंगाची घडी घालत होती. बाहीला बाही जुळवावी तशी ती त्याचे काठ जुळवायची.

"मी जट काढणार आहे," वेनिंग म्हणाली. "शाळेत जायच्या आधी. मागणं बदललंय मी. आजोबा म्हणाले, चालतं."

आईचे हात घडीवर थांबले. "बदललंय म्हणजे?" ती म्हणाली. मग हळूच, "वेनिंग, मग तो कसा येईल गं?"

चुलीत लाकूड तडतडलं.  

बाबांनी हातातला बटाटा खाली ठेवला. विचारायचं काम आईबापांचंच असतं. आई विचारणार नव्हती.

"काय मागतेस, बाळ?" त्यांनी विचारलं.

लाल स्कूटर अगदी ओठांपर्यंत आली होती.

"दादाचा सारोंग," वेनिंग म्हणाली. "बाबांच्या अंगावर. आजपासून."