माळावरचा जावई

“मास्तर, किती कोरडं पडलंय हो, बघवत नाही,” म्हणत सरपंच रत्नमालाताईंनी फुलाच्या बुडात दुसरी कळशी रिकामी केली.

माळावरचं हे पिवळं रानफूल दुर्मीळ आहे, तुरीच्या भावकीतलं आहे, असं मी शाळेत सांगितलं मात्र, गावात जावई आल्यासारखं झालं. त्याच्याभोवती सिमेंटचा पार आला, मूठभर युरिया आला, मागे फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर सगळी पंचायत हसत होती. फुलाच्या फोटोला तेवढी जागा उरली नव्हती. वर्षानुवर्षं खडकात ऊन खाऊन जगलेलं ते बिचारं आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवलं आणि पंधरवड्यात कुजलं. लगेच नवा फ्लेक्स लागला: भावपूर्ण श्रद्धांजली. चेहरे तेच, हसरे.

उन्हाळ्यात गावालाच टँकर लागला आणि पाराकडे कुणी फिरकेना. खाली खोल मूळ शाबूत होतं. त्यानं पाराच्या भेगेतून हळूच पिवळं डोकं वर काढलं.

टँकरवरून परतणाऱ्या ताई भरल्या कळशीसकट थबकल्या. “मास्तर, हे काय उगवलंय हो?”

“तण आहे, ताई,” मी म्हणालो. “लक्ष देऊ नका.”