चालवून दाखवा

"चालवून दाखवाल ना, काका?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि काकांच्या तोंडचं पाणीच पळालं.

तोवर सगळं झकास चाललं होतं. घरामागच्या खोलीत काका अर्धा तास आपल्या लेथचं गुणगान करत होते. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र; फिरत्या लाकडाला पटाशी लावायची, की त्यातून वाडगे, मुठी, मेणबत्तीचे खांब, म्हणाल ते निघतं. डॉक्टरीणबाईंना या छंदानं नुकतंच पछाडलं होतं आणि काकांना लेथ विकायचा होता. न्यायला गाडीसुद्धा दारात येऊन उभी होती.

विकायचा होता तो हातांमुळे. वर्षभरापासून काकांचे हात थरथरत होते. कप अर्धाच भरून द्यावा लागे, शर्टाचं वरचं बटण काकू लावत. पहिल्यांदा चहा सांडला त्याच दिवशी काकांनी लेथवर कापड घातलं. निदान एकदा तरी जमतंय का ते बघावं, तर तेवढा धीर झाला नाही. आणि नाहीच जमलं तर? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

जिभेला मात्र थरथर शिवली नव्हती. "बटण दाबायच्या आधी लाकूड हातानं एकदा फिरवून बघायचं, कुठे अडत नाही ना ते. बोथट पटाशीइतका वाईट शत्रू नाही. आणि लाकडात बारीक भेग निघाली, तर त्यात कॉफीची पूड भरायची, वर पातळ डिंकाचा थेंब. कुणाला पत्ता लागत नाही."

"मला लागायचा," दारातून काकू म्हणाल्या. "दर महिन्याला, कॉफीचा डबा उघडला की."

हा लेथ घरातून जाणार याचं सगळ्यात जास्त वाईट काकूंना वाटत होतं, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. इतकी वर्षं त्यांनी घरभर पसरलेला भुसा झाडला होता, उशीच्या अभ्र्यातून सालपटं वेचली होती. पण तेव्हा नवरा खोलीत शीळ घालत असे. आता तो स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसे आणि कांदा कसा चिरावा ते त्यांना शिकवी. भुसा परवडला, असं काकूंचं स्पष्ट मत झालं होतं.

"दाखवा की," त्या म्हणाल्या. "न बघता कोण घेईल?"

"तुम्ही चालू तर करा," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "माझ्या मशीनला लोक घाबरतात, आज माझी पाळी!"

आता माघार घ्यायची कशी? काकांनी चष्मा चढवला. एक ओबडधोबड तुकडा लेथच्या दोन टोकांमध्ये आवळला, हातानं फिरवून बघितला आणि बटण दाबलं. लाकूड घुमायला लागलं. काकांनी पटाशी उचलली, लाकडासमोरच्या लोखंडी पट्टीवर ठेवली, आणि पट्टी वाजायला लागली. टक टक टक टक. डॉक्टरीणबाई चांगल्या घरच्या. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकांचे कान तापले. असं वाटलं, बटण बंद करावं आणि फुकट देऊन टाकावं हे धूड.

गप्प राहणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पटाशी हातानं चालवायची नसते बरं का," ते सवयीनं म्हणाले. "दांडा कमरेला असा घट्ट लावायचा. पुढचं टोक पट्टीवर दाबून धरायचं. आणि हलायचं ते पायांनी. हातांना इथे काही कामच नसतं."

हे वाक्य त्यांनी आजवर भेटेल त्याला ऐकवलं होतं. स्वतः आज पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी दांडा कमरेला लावला. पाय फाकवले. पटाशीची पाठ आधी लाकडाला टेकवली, मग हळूच धार. टकटक थांबली. काका डाव्या पायावरून उजव्या पायावर सावकाश झुकले, आणि पटाशीवरून एक लांबच लांब सालपट सुटून त्यांच्या खांद्यावर जाऊन पडलं. मग दुसरं. मग मोजदादच राहिली नाही. ओबडधोबड तुकडा बघता बघता गोल झाला, मध्ये बारीक झाला, एका टोकाला फुगला.

"अहो, नाचताय की काय?"

"मध्ये बोलू नकोस गं, चिरेल!" काका ओरडले. कितीतरी दिवसांनी ते काकूंवर असे ओरडले होते, आणि काकूंचे डोळे भरून आले.

मशीन थांबलं तसे हात पुन्हा थरथरायला लागले. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगात वाकून पुढचा तुकडा शोधत होते.

डॉक्टरीणबाईंनी त्या गुळगुळीत लाकडावरून अंगठा फिरवला. "काय सुरेख चालतं हो! मग नेऊ ना आज?"

"घाई काय आहे?" काका ढिगातूनच म्हणाले. "उद्या सकाळी या."

"पण काका, गाडी आणलीय. मशीन..."

"तेच सांगतोय." काका एक जाडजूड ओंडका छातीशी धरून उठले. "केस घट्ट बांधून या. आणि तो गळ्यातला स्कार्फ घरी ठेवा. फिरत्या लाकडाजवळ लोंबतं काही चालत नाही."