गुरुजींना हवी तशी

"ही बी न्हाई?" धनसिंगनं विचारलं.

"न्हाई," भिवाजी गुरुजी म्हणाले आणि वसमतच्या त्या गॅरेजमधून बाहेर पडून एसटी स्टँडच्या वाटेला लागलेसुद्धा.

गाडीचा मालक धनसिंगकडं बघत राहिला. ही अकरावी गाडी होती. वीस वर्षं ट्रक चालवून कंबर कामातून गेल्यावर तो हिंगोलीत जुन्या गाड्यांची दलाली करू लागला होता, पण असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर त्यानं कधीच हात जोडले असते. पण त्याची दोन्ही पोरं तांड्यावर उनाडत होती, तेव्हा याच गुरुजींनी त्यांना हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं होतं. तिथं त्याचं तोंड बंद व्हायचं.

तसं गुरुजींचं मागणं साधं होतं. साडेचार हजारांत बसेल अशी जुनी गाडी, आणि ती काळी. ड्रायव्हर ठेवायचा अन् हट्टा ते वसमत सवाऱ्या करायच्या.

"काळीच काहून?" धनसिंगनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "उन्हाळ्यात बसवत न्हाई तिच्यात."

"काळीच बघा," गुरुजी म्हणाले होते.

गाडी बघायची त्यांची तऱ्हाही न्यारीच. इंजिनाचा आवाज ऐकायचा नाही, पेट्रोल किती खाते ते विचारायचं नाही. धनसिंगचा आजा बैलांचे तांडे हाकायचा आणि बैल घेताना आधी दात बघायचा. गुरुजी आधी चाकांशी वाकायचे. मग पुढच्या मडगार्डवरून सावकाश हात फिरवायचे आणि विचारायचे, "अपघात झालाय का कुठं?"

मालक नाही म्हणायचा. कुठला मालक हो म्हणेल? गुरुजी मान हलवायचे आणि परत फिरायचे. सहा महिने हेच चाललं होतं आणि धनसिंग आता खरोखर थकला होता.

स्टँडवर त्यानं भजी घेतली आणि पुडा गुरुजींपुढं धरला.

"दुपारचं जेवण सोडलंय मी," गुरुजी म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"मग ह्या पिशवीत काय असतं? मला वाटलं, बाईंनी भाकरी बांधून दिली असंल."

गुरुजींच्या मांडीवर नेहमीची कापडी पिशवी होती. आत ताटलीएवढं काहीतरी गोल आणि सपाट होतं. गुरुजींनी ती जवळ ओढून घेतली. धनसिंगनं भजी एकट्यानंच संपवली.

मागं एकदा एका गाडीचा निरोप घेऊन तो हट्ट्याला त्यांच्या घरी गेला होता. गुरुजीही नुकतेच परभणीहून एक गाडी बघून आले होते. चांगुणाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "मिळाली का?"

"न्हाई अजून," गुरुजी म्हणाले.

बाई तांब्या देऊन आत गेल्या. धनसिंगला फार वाईट वाटलं. ज्या बाईनं जन्मात गाडीत पाय ठेवला नसेल, तिनं गाडीसाठी इतकी वाट बघत बसावं, हे काही त्याच्या मनातून जाईना. म्हणून तर तो दर खेपेला ही शेवटची म्हणायचा आणि पुन्हा शोधायला लागायचा.

बारावी गाडी हिंगोलीतच निघाली. अमृतराव नावाचे खडीचे ठेकेदार नवी गाडी घेणार होते आणि जुनी अँबेसेडर काढणार होते. काळी होती, साडेचार हजारांत देत होते, आणि वर माणूस अघळपघळ. त्यांनी आल्या आल्या चहा सांगितला.

गुरुजींनी चहाला हात लावला नाही. ते गाडीपाशी गेले.

"अपघात झालाय का कुठं?"

"छे. ओरखडा न्हाई," अमृतराव म्हणाले.

"रंग नवा दिसतोय."

"दुष्काळाच्या साली दिला. दोन वर्षं झाली, पण कालच दिल्यावाणी हाय, बघा."

गुरुजी चाकांशी वाकले. तीन चाकांवर पत्र्याच्या चकचकीत टोप्या होत्या, त्यांना लाल रंगाची बारीक कड. पुढचं डावं चाक मात्र उघडं होतं.

"हिची टोपी?"

"उडाली कुठंतरी, ध्यानातच आलं न्हाई. ती लाल कड मी नांदेडच्या पेंटरकडून मुद्दाम काढून घेतली होती. तशी बाजारात मिळत न्हाई, म्हणून दुसरी बसवलीच न्हाई. त्याचे पन्नास कमी द्या."

गुरुजी तिथंच मातीत बसले. उपाशीपोटी चक्कर आली असावी, असं वाटून धनसिंग पुढं झाला.

"गुरुजी?"

"हीच," गुरुजी म्हणाले.

धनसिंगनं मोठा श्वास सोडला. सुटलो बुवा एकदाचा, असं त्याला झालं. आज चांगुणाबाईंना हो म्हणून सांगता येईल. अमृतरावांनी आत बघून पेढे आणायला सांगितलं.

गुरुजींनी पिशवीत हात घातला. म्हणजे पैसेच होते तर तिच्यात, धनसिंगच्या मनात आलं. इतके दिवस साडेचार हजार मांडीवर घेऊन हा माणूस एसटीनं फिरत होता!

आतून फुलाफुलांच्या जुन्या परकरात गुंडाळलेली वस्तू निघाली. गुरुजींनी गाठ सोडली. पत्र्याची टोपी होती, लाल कडेची. त्यांनी ती उघड्या चाकावर ठेवली आणि तळव्यानं दाबली. खट्‌कन आवाज होऊन ती बराबर बसली.

"अहो, ही तर माझीच," अमृतराव खूश होऊन म्हणाले. "कुठं मिळाली तुमाला?"

"हट्ट्याच्या रस्त्यावर," गुरुजी म्हणाले. "आमची लेक मालन माझा डबा घेऊन शाळेकडं येत होती. तिच्या उशाशी पडली होती."